बंदी घालण्यात आली आहे

सरकारी भिंतींवरच्या सूचनांमध्ये सर्वांत वाचनीय भाग शेवटी असतो. ‘येथे कचरा टाकू नये’, ‘येथे वाहने उभी करू नयेत’, ‘येथे थुंकण्यास सक्त मनाई आहे’, आणि खाली कोपऱ्यात एकच शब्द: ‘हुकुमावरून’. कोणाच्या हुकुमावरून, ते लिहिलेलं नसतं. कलेक्टरच्या, मुख्याधिकाऱ्याच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, की ज्याच्या खिडकीखाली वास येतो त्या भाडेकरूच्या? वाचणाऱ्यालाही ते विचारावंसं वाटत नाही. आणि ‘सक्त’ या शब्दानेच कळून येतं, की नुसत्या मनाईला कोणी भीक घालत नाही.

वर्तमानपत्रातली बंदीही अशीच येते: ‘बंदी घालण्यात आली आहे.’ वाक्यात कर्ता नाही. कोणी घातली, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, नेमकी कशावर, किती दिवसांसाठी, हे सगळं त्या ‘घालण्यात आली’मध्ये गडप होतं. काही गोष्टींवर बंदी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण बंदी हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे आणि त्या स्वस्ताईचा फायदा दर वेळी घालणाऱ्याला मिळतो, असं माझं म्हणणं आहे. ‘बंदी घातली’ म्हटलं की काहीतरी केल्यासारखं दिसतं. बनवणं थांबलं, विकणं थांबलं, बाळगणं थांबलं की वापरणं, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

घरात कोणी कोणावर बंदी घालत नाही. आई म्हणते, ‘अंधार पडल्यावर विहिरीकडे जायचं नाही.’ आजी म्हणते, ‘आज एकादशी, आज भात चालत नाही.’ शेजारीण म्हणते, ‘आमच्यात हे करत नाहीत.’ आपली रोजची मनाई अशी क्रियापदांत राहते. जायचं नाही, चालत नाही, करत नाहीत. नाम लागतं ते कचेरीला. आणि नामांचीही मराठीत वानवा नाही. मनाई कोणीतरी कोणाला तरी करतो, दोघेही समोरासमोर असतात. मज्जाव दारात होतो. अटकाव वाटेत होतो. निर्बंध म्हणजे गोष्ट चालू आहे, पण मापात. वर्ज्य ते, जे माणूस आपणहून टाळतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर कोणी छापा घालत नाही. जप्ती वस्तूची होते, तडीपारी माणसाची. प्रतिबंध हा मराठीत मुळात आधीच घेतलेल्या खबरदारीचा शब्द, रोगप्रतिबंधक लस असते ती त्या अर्थाने. हिंदीच्या संगतीने तोही आता बंदीच्या रांगेत उभा राहिला आहे. (रेल्वे स्टेशनवरची ‘धूम्रपान निषेध’ ही पाटी वाचून रेल्वे खातं काळ्या फिती लावून सिगारेटचा निषेध करतंय असं मराठी माणसाला वाटलं, तर त्याचा काय दोष?) हे सगळे शब्द बाजूला पडून मथळ्यांत एकटी ‘बंदी’ उरली आहे. ती दोन अक्षरांत मावते, हे तिचं मोठं भांडवल.

शिवाय ती कुठल्याही नामाला चिकटते. जमावबंदीत पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र यायचं नाही; संचारबंदीत एकट्यानेही बाहेर पडायचं नाही. नाकाबंदीत रस्ता सुरूच असतो, फक्त डिकी उघडून दाखवायची. टाळेबंदी हा गिरणगावाचा शब्द. संप कामगार करायचे, टाळेबंदी मालक करायचा, आणि दोन्हींतला फरक गिरणीतल्या शेवटच्या बदलीवाल्यालाही पाठ होता. २०२० च्या मार्चनंतर तोच शब्द सबंध देशाला लागला आणि त्यातला मालक कुठे गेला ते कळलंच नाही. आठ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कागदोपत्री शब्द होता ‘निश्चलनीकरण’. लोकांनी त्याची वाट न पाहता ‘नोटबंदी’ हा शब्द केला. लोकांचा शब्द जास्त खरा होता. नोटा निश्चल झाल्या का हे अर्थशास्त्र्यांनी ठरवावं, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्यावर काहीतरी घातलं गेलंय एवढं नक्की कळत होतं.

नाव आणि वस्तुस्थिती एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचा पुरावा महाराष्ट्रात प्रत्येक बारच्या पाटीवर लावलेला आहे: ‘परमिट रूम’. परमिट कसलं? दारू पिण्याचं. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदी कायदा झाला. तो कधी रद्द झाला नाही. आजही त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असंच आहे आणि त्याच्या अक्षरानुसार या राज्यात दारू पिण्यावर बंदी आहे; ज्याच्याकडे वैयक्तिक परवाना आहे त्याला तेवढी सूट. बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो परवाना असतो, हे बारवाल्याला, पोलिसाला आणि पिणाऱ्याला, तिघांनाही माहीत आहे. राज्याच्या तिजोरीत दारूवरून येणारा पैसा ज्या खात्यामार्फत जमा होतो, ते याच दारूबंदी कायद्याखाली काम करतं.

आणखी गंमत अशी की १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा हा कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. गुजरातनेही पुढे नाव बदललं, पण कायदा मूळचा तोच. त्याच मजकुरावर गुजरातच्या हद्दीजवळच्या तलासरीच्या पलीकडे दारूबंदी आहे आणि अलीकडे परमिट रूम आहे. म्हणजे बंदी कायद्याच्या शब्दांत नसतेच का? असते, पण परवाना कोणाला, किती सढळ हाताने आणि कोणत्या नियमाने द्यायचा, या तळटीपेत ती असते. महाराष्ट्राने नाव तसंच ठेवलं आणि तळटीप बदलली. असं करणाऱ्याला दोन्हीकडून लाभ होतो. नैतिकता नावात राहते, महसूल तळटिपेत.

याच राज्यात वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा आहे, गडचिरोली १९९३ पासून. गडचिरोलीतल्या बंदीमागे गावोगावच्या लोकांची, विशेषतः बायकांची, चळवळ होती. चंद्रपुरातही बायकांनी मोर्चे काढले, पायपीट केली, आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथे बंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, असं कारण देण्यात आलं. ते आकडे खरे मानले तरी एक प्रश्न राहतो. बंदी फसली की बंदी राबवणारी यंत्रणा फसली? ‘बंदी फसली’ या वाक्यालाही कर्ता नाही. रस्ता खचला तर आपण ठेकेदाराचं नाव विचारतो. बंदी खचली तर दोष बंदीच्याच माथी.

याच्या शेजारी दुसरी एक पद्धत ठेवून पाहण्यासारखी आहे. गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महिलांच्या मागणीवरून मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद. अट कडक आहे: आलेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार होण्यासाठी अशी अट असती तर विधानसभेत किती खुर्च्या भरल्या असत्या, हा विचार करून पाहावा. त्या दिवशी गावी गेलेली, दवाखान्यात असलेली, मजुरीला गेलेली प्रत्येक बाई या हिशोबात उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे. आणि तिथे शब्दही निराळा आहे. ‘आमच्या गावात दारूबंदी झाली’ यापेक्षा ‘आम्ही बाटली आडवी केली’ असं तिथल्या बायका सांगतात. वाक्यात कर्ता परत आला.

आता ‘कशावर’ या प्रश्नाकडे येतो. प्लास्टिकबंदी म्हणजे नेमकं काय? २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबल्याचं सगळ्यांनी पाहिलं, त्यानंतर पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने मायक्रॉन मोजायचे कसे, हे कोणी सांगितलं नाही. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघाली. तिच्यात निर्मिती, वापर, विक्री, वाहतूक, साठवणूक असं सगळं होतं. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, अंमलबजावणी सुरू झाली आणि आठवडाभरातच किराणा दुकानदारांच्या वेष्टनांना सवलत मिळाली. दुधाच्या पिशव्या आधीच वगळलेल्या होत्या, त्या परत घेण्याची योजना ठरली होती. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. म्हणजे तीन बंद्या एकावर एक, आणि आजही कोथिंबिरीची जुडी कशातून घरी येते ते प्रत्येकाने आठवावं. दंड बहुतेक वेळा हातगाडीवाल्याकडून वसूल होतो, कारण तो रस्त्यावर सापडतो. पिशवी बनवणारा कारखाना रस्त्यावर नसतो.

गुटखाबंदीचं आणखी निराळं. २००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली होती. राज्याला तसा अधिकार नाही म्हणून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन नवी बंदी आली. त्या कलमाखाली आदेश एका वर्षाचाच काढता येतो. म्हणून दर वर्षी तोच आदेश नव्याने निघतो आणि दर वर्षी ‘गुटखाबंदीला मुदतवाढ’ अशी बातमी येते. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी कायमचं झालं. झालेलं असतं एका वर्षाचं. त्यातही बंदी उत्पादन, साठा, वाहतूक आणि विक्रीवर. पुडी फाडून तोंडात टाकणाऱ्यावर नाही. ते योग्यच आहे, व्यसन लागलेल्याला तुरुंगात टाकून काय मिळणार? पण मग पाटीवर तसं लिहा. ‘गुटखा विक्रीस मनाई’ असं म्हटलं तर निदान एवढं कळेल की जिथे गुटखा खाल्ला जातोय तिथे तो कोणीतरी विकलाय, आणि त्या विकणाऱ्याचं नाव शोधणं हे कोणाचं तरी काम आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींच्या बाबतीत तर या गोंधळाची किंमत पेणच्या कारखान्यांनी मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं मे २०२० ची. सगळीकडे बोलताना शब्द एकच, ‘पीओपी बंदी’. बंदी मूर्ती घडवण्यावर, विकण्यावर, बसवण्यावर की नदी-समुद्रात विसर्जनावर? २०२५ च्या माघी गणेशोत्सवात मुंबईतल्या काही मंडळांच्या मूर्ती विसर्जनावाचून अडकून पडल्या. त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयात चित्र स्पष्ट झालं: मूर्ती घडवायला आणि विकायला हरकत नाही, नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन मात्र नाही. पाच वर्षं मूर्तिकार, मंडळं, पालिका आणि भक्त एकाच शब्दाचे आपापले अर्थ घेऊन भांडत होते. ‘समुद्रात विसर्जन करता येणार नाही’ हे साधं क्रियापदाचं वाक्य पहिल्या दिवशी म्हटलं असतं, तर पेणच्या माणसाला शाडू किती मागवायचा आणि पीओपी किती, याचा हिशोब वेळेत करता आला असता.

डान्सबारवरच्या बंदीत ‘कोणासाठी’ हा प्रश्न लपला होता. २००५ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधलं नृत्य बंद केलं. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. तोच नाच गालिच्यावर चालेल, फरशीवर चालणार नाही, असा त्याचा अर्थ. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेदभाव उचलून धरला नाही. त्यानंतर पुन्हा दुरुस्ती, पुन्हा नवा कायदा, २०१९ मध्ये पुन्हा न्यायालय. या सगळ्या वर्षांत ‘डान्सबार बंदी’ हा शब्द जसाच्या तसा होता, आणि बारमध्ये नाचणाऱ्या बायकांनी पुढे काय करायचं याबद्दल एकही जोडशब्द तयार झाला नाही.

उलट बाजूही आहे. बंदी असते, पण तिला बंदी म्हणत नाहीत. लासलगावच्या कांदेवाल्याला हे सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती उघड बंदी होती. ४ मे २०२४ ला उठवली तेव्हा टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लागलं. कागदावर निर्यात खुली. शेतकऱ्यांनी याला लगेच नाव दिलं: ‘अघोषित निर्यातबंदी’. गेल्या काही वर्षांत राजकीय मराठीत आलेला मला सर्वांत कामाचा वाटणारा शब्द म्हणजे हा ‘अघोषित’. परिणामावरून गोष्ट ओळखायची, आदेशाच्या मथळ्यावरून नाही, हे त्यात आहे.

आणि कधी कधी नुसती घोषणाच उरते, आदेशच नसतो. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीची आयात १९८८ साली सीमाशुल्क कायद्याखाली थांबवण्यात आली. पुढची छत्तीस वर्षं ‘भारतात बंदी असलेलं पुस्तक’ अशीच त्याची ओळख होती. २०१९ मध्ये कोणीतरी दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ती अधिसूचना दाखवा म्हणालं. सरकारी खात्यांना ती सापडली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरून चालण्याखेरीज पर्याय नाही. इतकी वर्षं पुस्तकविक्रेत्यांनी, ग्रंथालयांनी, कस्टमच्या माणसांनी बंदी पाळली ती ऐकीव माहितीवर. म्हणून मला वाटतं, बंदीची बातमी देणाऱ्या प्रत्येक वार्ताहराने आदेशाचा क्रमांक, तारीख, कलम आणि मुदत छापल्याशिवाय ‘बंदी’ हा शब्द वापरूच नये. सरकारने तर नाहीच नाही. ज्या आदेशाची मुदत वर्षाची आहे त्याला वर्षभराची मनाई म्हणावं, परवान्याने मिळणाऱ्या वस्तूला परवान्याची वस्तू म्हणावं, पुस्तक जप्त केलं असेल तर जप्त केलं म्हणावं. ही शब्दच्छलाची हौस नाही. मनाईला आव्हान द्यायचं तर मनाई कोणती ते आधी माहीत असावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, समाज सुधारायचा तर कायद्याचा बडगा लागतोच. शब्दांचा कीस पाडून काय होणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. गर्भलिंग निदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. तो केला नसता तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. पण बडग्यानेच सगळं होतं, या समजुतीला आपलाच इतिहास आडवा येतो. या भूमीतल्या सर्वांत चिवट बंद्यांना कधीच अधिसूचना नव्हती. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी (समुद्र ओलांडायचा नाही), व्यवसायबंदी, वेदोक्तबंदी (वैदिक विधी करायचे नाहीत), शुद्धिबंदी (धर्मांतर केलेल्याला परत घ्यायचं नाही): रत्नागिरीत असताना सावरकरांनी मोजलेल्या या सात बेड्या. यांच्यासाठी निरीक्षक नेमावे लागले नाहीत, दंडाच्या पावत्या छापाव्या लागल्या नाहीत. प्रत्येक आळीतला प्रत्येक माणूस पहारेकरी होता. कोणी मोडली तर वाळीत टाकायला गाव तयार होतंच.

आणि अशी बंदी कागदावर उठवून उठत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठरावांनी तळं उघडलं, पण अस्पृश्य माणूस पाण्यापर्यंत पोचला नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा तळं ‘बाटलं’ म्हणून गोमूत्राने शुद्ध करण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. सरकारी बंदीला अंमलबजावणी मिळत नाही आणि समाजाच्या बंदीला ती फुकट मिळते. हा फरक विसरून आपण मंत्रालयाकडे बोट दाखवून ‘बंदी आणा’ म्हणतो.

गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंद्या या दोन्हींच्या मधल्या आहेत, आणि मला त्या सर्वांत विचार करण्याजोग्या वाटतात. राळेगणसिद्धीच्या अनुभवातून आदर्श गाव योजनेची सूत्रं आली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. (आणीबाणीत सक्तीमुळे बदनाम झालेला चौथा शब्द या यादीत निमूटपणे बसलाय, हेही पाहण्यासारखं.) हिवरे बाजारने त्यात शेताला पाणी देण्यासाठी बोअरवेल न घेण्याची अट घातली, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाकारली. तिथल्या चराईबंदीचा तपशील महत्त्वाचा आहे. गवतावर बंदी नव्हती. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, पण विळ्याने कापून भारा घरी न्यायचा. काय बंद आणि त्याऐवजी काय करायचं, ते एकाच ठरावात होतं. ग्रामसभेत हात वर करणारा माणूसच दुसऱ्या दिवशी विळा घेऊन डोंगरावर जात होता. पावसाचं माप फळ्यावर लिहून, त्यावरून पिकं ठरवणाऱ्या गावात बंदी पाळायला पोलीस लागत नाही.

कोळीवाड्यांत हेच जुन्या रीतीने चालत आलंय. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जाण्यास सरकारी मनाई असते. पण नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीची. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या, दोन्हींची त्यात सोय होती. २०१७ पासून एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करायला बंदी आहे. ती मोडणारे आणि तिची तक्रार करणारे एकाच बंदरात भेटतात. रीत ज्यांनी घडवली ते होडीवाले आणि दिव्यांवर भांडवल घालणारे, यांच्यात आता ‘आपण’ हा शब्द चालत नाही. तिथे सरकारी गस्तच हवी. ती पुरेशी आहे का, हे पारंपरिक मच्छीमारांना विचारा.

गावबंदीचं कौतुक करताना एक गोष्ट खटकत राहते. चराईबंदीच्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत मेंढपाळ धनगर नसतो. तो दिवाळीनंतर येतो आणि पावसाआधी जातो. मतदार यादीत तो दुसरीकडे आहे. गावाच्या दृष्टीने जो संयम, तो त्याच्या दृष्टीने मज्जाव. ‘आम्ही ठरवलं’ यातल्या ‘आम्ही’त कोण नाही, हा प्रश्न ग्रामसभेलाही विचारावाच लागेल. २०२३ च्या ऑक्टोबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव ‘राजकीय नेत्यांना गावबंदी’ असे फलक लागले. सत्ताधाऱ्याला वेशीवर अडवणं हा निषेध म्हणून समजण्यासारखा होता. पण त्याच शब्दाच्या सावलीत या राज्यात कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत पडलेली आहेत, आणि त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला. गावाने बंदी घातली म्हणजे ती न्याय्य झाली, असं नाही. ती फक्त पाळली जाते.

म्हणून हेरवाडचा ठराव मला महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ठराव बंदीच्या भाषेत आहे, पण जिच्याबद्दल तो आहे तिच्यावर त्यात एकही बंदी नाही. तिच्यावर घातलेल्या जुन्या बंद्यांना तो अटकाव करतो. बंदी घातली आहे ती अंत्यविधीला जमलेल्या बाकीच्यांच्या हातांवर. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना असेच ठराव करण्याचं आवाहन केलं. परिपत्रक एका दिवसात सगळ्या जिल्ह्यांत पोचतं. हेरवाडला ग्रामसभा बसवून, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून, गावातल्या विधवांना समोर बसवून जे करावं लागलं, ते मात्र प्रत्येक गावाला पहिल्यापासून करावं लागेल.